बंपर बदलण्याआधी नख फिरवा!

बंपरला जरासा ओरखडा आला की आपण थेट गॅरेज गाठतो. तिथे बरेचदा एकच उत्तर मिळतं, 'अख्खा बंपर बदला.' मला हे पटत नाही.

आधी ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर घाव बहुधा वरच्या क्लिअर कोटपुरताच आहे. पुष्कळदा तर तो ओरखडा नसतोच, भिंतीचा रंग लागलेला असतो. बंपर स्वच्छ धुवा, मऊ कापडावर रबिंग कंपाउंड घ्या आणि हलक्या हाताने घासा. तरीही खूण राहिली, तर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वापरा. पण जपून, कारण क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो! रंग न दिलेल्या काळ्या ट्रिमला मात्र कंपाउंड लावू नका, पांढरे डाग राहतात.

आतलं प्लॅस्टिक दिसत असेल, तर नुसता रंग मारून उपयोग नाही. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा, त्यावर रंग सहजी धरत नाही. आधी प्लॅस्टिक प्रायमर हवा. तडा गेला किंवा क्लिपा तुटल्या, तर खुशाल गॅरेजला जा.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हाताला फोड आले, ते काय फक्त जर्नलवर सही मिळवण्यासाठी? घरी बाबा म्हणतात, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, बघ जरा." निदान बघता तरी यायला हवं!