विकलेलं परत काढून घ्यायचं नाही

कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने अपडेटमधून एखादी सोय काढून टाकली, तर ग्राहकाने ओरडू नये, असं एका जाणकारांचं म्हणणं आहे. करार तुम्हीच मान्य केलात, सॉफ्टवेअर कंपनीचं, ती सोय वापरत होतं कोण, आणि अपडेट घ्यायची सक्ती कुठे होती?

करार पैसे मोजून, खोका फोडून झाल्यावर पडद्यावर येतो. सॉफ्टवेअर कंपनीचं असेल, पण यंत्राची किंमत त्याच्यासकट घेतली. वापरणारे दहाच असले, तरी त्या दहांनी पूर्ण पैसे भरलेत.

संताप येतो तो 'सक्ती कुठे होती' याचा. सोनीचं प्लेस्टेशन ३ भारतात २००७ साली ३९,९९० रुपयांना आलं. त्यात 'अदर ओएस' होतं: लिनक्स टाकून तेच यंत्र संगणक म्हणून चाले. अमेरिकेच्या हवाई दलाने अशी शेकडो यंत्रं जोडून महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने ही सोय काढली. अपडेट घेतलं की लिनक्स गेलं. नाही घेतलं तर प्लेस्टेशन नेटवर्क बंद, ऑनलाइन खेळ बंद, नवी आवृत्ती मागणारे नवे खेळही बंद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पै-पै साठवून यंत्र नेणाऱ्याने दोन्हींचे पैसे दिले होते. त्यातलं एक सोड म्हणणं ही सक्तीच.

गिरगावकरांनी हे आधी ऐकलंय. २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईत सेट-टॉप बॉक्सची पद्धत आली, तेव्हाही 'नको तर घेऊ नका' असंच सांगत होते, आणि बॉक्स नसलेल्या घरांतून सशुल्क वाहिन्या गेल्या. मी तेव्हाही भांडलो होतो. पण तिथे निदान पुढच्या महिन्याची वर्गणी थांबवता येई. इथे पैसे एकरकमी गेलेले.

सुरक्षेसाठी केलं, असं कंपनी म्हणाली. मग सुरक्षेची किंमत कंपनीने सोसावी. कॅलिफोर्नियात २०१० मध्येच दावा लागला. तडजोड पक्की व्हायला २०१८ उजाडलं, आणि ग्राहकाला मिळणार कमाल ६५ डॉलर.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही संकल्पना आली, हे चांगलं झालं. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण कराराचं कलमच अनुचित ठरवून घ्यायचं, तर राज्य आयोगात जावं लागतं. चाळीस हजारांच्या यंत्रासाठी लालबागच्या माणसाने तिथवर का जावं? हा अधिकार जिल्हा आयोगाला द्या. जाहिरातीतली सोय काढली, तर यंत्र परत घेऊन पैसे द्या, नाहीतर त्या सोयीची भरपाई द्या, तीही ग्राहकाने मागण्याआधी. आणि खोक्यावर एखादी सोय छापाल, तर ती किती वर्षं राहणार तेही तिथेच छापा.