आजोबांचा दाखला, नातीचा प्रवेश

बारावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची ये-जा वाढते. काही पेढे घेऊन येतात, काही प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. पिशवीवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, मुलीला मार्क चांगले आहेत, पण फॉर्म अडकलाय." बहुतेक वेळा तो मार्कांमुळे अडकलेला नसतो. नावाच्या, जातीच्या नाहीतर उत्पन्नाच्या कागदावर अडकलेला असतो. मुलासाठी तहसीलच्या दहा चकरा मारणारे अब्बा मुलीच्या वेळी दुसऱ्या चकरेलाच थकतात आणि "राहू दे, इथंच घाल कुठेतरी" म्हणून विषय मिटतो. म्हणून या वेळी अकरावीत मुलं असलेल्या घरांसाठी चार गोष्टी.

नाव एकच ठेवा

आपल्याकडे एका मुलीची तीन नावं सहज होतात. शाळेत 'शेख आयेशा रहीम', आधारवर 'आयेशा अब्दुल रहीम शेख', बँकेत 'शेख आयेशा अ. रहीम'. इंग्रजीत तर शेखचं स्पेलिंगही जागोजागी वेगळं. मोहल्ल्यात सगळ्यांना माणूस एकच हे ठाऊक असतं, संगणकाला नसतं. प्रवेश परीक्षांच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव धरतात, तेव्हा आधार आणि बँक खातं त्याच नावावर आणा. धाकटी भावंडं दहावीत असतील तर परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते. त्या दिवशी नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासायला सांगा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्तीला मुख्याध्यापकांमार्फत वाट असते. शाळा सुटल्यावर ती लांबते.

पेटीतला उर्दू कागद

तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार, मोमीन, मन्यार अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि इथेच पुष्कळ घरं हात टेकतात. पण आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूतून चालत असे. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा कागद उर्दूत असतो आणि "आता कोण वाचणार" म्हणून पेटीच्या तळाशी पडून राहतो. तो बाहेर काढा. त्यावरचं साल फसली असेल तर घाबरू नका. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं. फसली 1350 म्हणजे 1940-41. उर्दू जाणणाऱ्या शिक्षकांकडून वाचून घ्या, अधिकृत भाषांतर करून मूळ कागदासोबत जोडा.

कधी जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलते, आत्या, आजोबांचे भाऊ यांच्या शाळांतून प्रवेश-निर्गम उतारे मिळवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा वंशावळीसह चालतो.

"आपल्या दीनमध्ये जात नाही, मग जात कशी लिहायची?" असं काही बुजुर्ग विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. मशिदीत सगळे एकाच सफमध्ये उभे राहतात, ते खरंच. पण सरकारी रकान्यात विचारलं जातं ते पिढीजात धंद्यातून आलेलं मागासलेपण. शब्बीर अन्सारी यांनी महाराष्ट्रभर मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्या सोबत फिरले, ते हाच फरक समजावत.

ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र बसतं का ते पाहावं. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. एका कागदाची किंमत एवढी आहे.

दिल्लीचा कागद वेगळा

केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांसाठी 2022 पासून सीयूईटी ही परीक्षा आहे. ती मराठीतून देता येते, उर्दूतूनही. जामिया मिल्लियात निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव असून त्यांत एकूण जागांच्या दहा टक्के मुस्लिम मुलींच्या आहेत. मात्र तिथे राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला चालत नाही. केंद्राच्या यादीत नाव हवं, नमुना केंद्राचा हवा. नॉन-क्रीमिलेअरच्या तारखेची अटही अर्जाच्या माहितीपुस्तकात नीट वाचा.

इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न मराठी-उर्दूतही मिळतात; गणित फक्त इंग्रजीत. उर्दू माध्यमाच्या मुलांनी गणिताच्या इंग्रजी संज्ञा अकरावीपासूनच पाठ कराव्यात.

आणि हे सगळे अर्ज निकालाआधीच भरून होतात. "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्या घरात निकालाच्या दिवशी तारीख उलटून गेलेली असते.

शेवटचं अम्मींना सांगते. ही फाईल अब्बांच्या कपाटात ठेवू नका, मुलीच्या हाती द्या. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स तिनेच काढाव्यात, सेतू केंद्रावर सोबत जाऊन अर्ज तिनेच वाचावा, पोचपावती तिनेच जपावी. सोबतीला अब्बा नसतील तर तुम्ही जा. अकरावीची दिवाळीची सुट्टी या कामाला पुरते.