तार कुणाच्या दारापर्यंत?

इंटरनेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी, रेशन दुकानातील अंगठा, सारे त्यावरच चालते. मग जळगाव, धुळे शहरांत सहज मिळणारी जोडणी यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीच्या पाड्यांवर का अडते? ‘परवडत नाही’, हे ठरलेले उत्तर. हे ‘परवडणे’च आम्ही तपासू इच्छितो.

सेवा देणारा बँडविड्थ विकत घेतो. मुंबईहून खानदेशापर्यंत ती आणणाऱ्या तारेचे भाडे भरतो. पुढे खांब, खोदाईची परवानगी, फायबर, यंत्रे, बॅटऱ्या आणि दुरुस्तीची माणसे. बँडविड्थ वाटून घेता येते; शंभर ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. म्हणून खरेदी रात्रीच्या गर्दीच्या वेळेवर ठरते. तारेचे तसे नाही. समजा, एका तारेचा महिन्याचा खर्च 10,000 रुपये आहे. 200 घरांत तो घरटी 50 रुपये पडतो, 20 घरांत 500 रुपये! गावकुसाबाहेरची वस्ती आणि डोंगरातला पाडा या हिशेबात पहिल्याच ओळीत गळतात. गणित खोटे नाही. पण ज्यांना आधी गावाबाहेर ठेवले, त्यांच्याकडूनच आता अंतराची किंमत वसूल करायची, हा कुठला न्याय?

नेमकी हीच तूट भरण्यासाठी 2002 साली सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभा राहिला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाच्या 5 टक्के रक्कम त्यात जाते. हा महसूल येतो आमच्याच रिचार्जमधून. 2023 च्या कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. याच निधीतून 2011 साली ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. मुदत होती दोन वर्षांची! पुढे तिचे ‘भारतनेट’ झाले आणि ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटींचा सुधारित आराखडा आला.

त्यात ग्रामपंचायतीपलीकडची गावे जोडण्याची तरतूद आहे; मात्र ‘मागणीनुसार’. मागणी कोण करणार? जे पंचायतीच्या दारात ताठ उभे राहू शकतात तेच. म्हणून आमचे सांगणे एवढेच: येत्या ग्रामसभेत वस्तीची, पाड्याची मागणी नावानिशी लेखी नोंदवा आणि ठरावाची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका. पंचायतीच्या कपाटात संपणारी तार ही आमच्या पैशाने ओढलेली, पण आमच्यापर्यंत न आलेली तार आहे.