पान थांबत नाही

सबमिशनच्या आदल्या रात्री चहा, लेक्चर बंक केलं की चहा, पेपर अवघड गेला तरी चहा. पण टपरीवर उभं राहून कटिंग मारताना हे पान कुणाच्या शेतातलं, असा प्रश्न आपल्याला पडतो का? पडलाच तर डोळ्यांसमोर येतो तो कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा हिरवागार मळा.

खरं तर देशातला निम्म्याच्या आसपास चहा आज छोट्या शेतकऱ्यांच्या पानापासून बनतो. टी बोर्डाच्या लेखी २५ एकरांपर्यंत चहा असणारा तो ‘छोटा’. प्रत्यक्षात अनेकांकडे दोन-चार एकरच असतात. आसामात दिब्रुगड-तिनसुकियाकडे तर घरामागच्या परसातही चहा दिसतो. १९७८ च्या सुमारास तिथे छोट्या शेतकऱ्यांनी चहा लावायला सुरुवात केली आणि पुढे नोकरी न मिळालेली शिकलेली पोरंही त्यात उतरली. आपल्यासारखीच, हातात डिग्री असलेली.

या घरांचं वर्ष झुडपं ठरवतात. हिवाळ्यात झुडूप झोपलं की छाटणी. मार्चमध्ये पहिली कोवळी पानं. मे-जूनमध्ये दुसरा बहर. आसामचा नावाजलेला कडक चहा तो हाच. मग पावसाळा. तेव्हा पान भरपूर, पण दर्जा उतरलेला, त्यामुळे भावही उतरतो. दोन पानं आणि एक कळी खुडायची, की आठवड्याभरात तेच झुडूप पुन्हा तयार. उशीर झाला तर पान निबर होतं. मग घरात लग्न असो की पोराची परीक्षा, खुडणी चुकवून चालत नाही. हंगाम कधी संपवायचा हेही आपल्या हातात नाही. २०२४ मध्ये टी बोर्डाने आसामात ३० नोव्हेंबरलाच खुडणी थांबवायला लावली.

कष्ट आहेतच, पण खरी गोची पुढे आहे. खुडलेलं पान त्याच दिवशी कारखान्यात पोचावं लागतं. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो, आणि तो करणारं यंत्र दुसऱ्याच्या मालकीचं असतं. कारखान्याच्या दारात भाव पटला नाही, तर पान परत आणून ठेवणार कुठे? उद्या त्याचा कचराच होणार. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव करता येत नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आपण पाहिलेत. दुधाचं, उसाचंही तेच.

म्हणून ‘जॉब सोडा, गावाकडे चला’ छापाचे रील्स बघताना जरा थांबूया. त्यात धुकं दिसतं, वाफाळता कप दिसतो. कारखान्याच्या दारातली रांग दिसत नाही. गावी जाऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. जाताना फक्त उत्साह नेऊ नका, एवढंच सांगायचंय. आसामातल्या काही छोट्या शेतकऱ्यांनी घरच्या घरी, थोडा थोडा का होईना, चहा तयार करायला सुरुवात केली आहे. ओलं पान एक दिवस थांबत नाही, पण वाळलेला चहा काही महिने थांबतो. तेवढ्या मुदतीत गिऱ्हाईक शोधता येतं, ‘या भावाला देणार नाही’ असं म्हणता येतं. हे सगळ्यांना जमेलच असं नाही. यंत्राला पैसा लागतो, चव सांभाळावी लागते, विकायला माणूस लागतो.

आणि इथेच तुमच्या शिक्षणाचा संबंध येतो. फूड टेक्नॉलॉजी, कॉमर्स, मार्केटिंग शिकणारे तुमच्यातच आहेत. घरी शेती असेल तर या सुट्टीत आई-बाबांना एक प्रश्न विचारा : आपला माल किती दिवस थांबू शकतो? उत्तर ‘एक दिवस’ असेल, तर तुमच्या प्रोजेक्टचा विषय तुम्हाला तिथेच मिळाला.