कौल नको, कौलाखाली बघा

मैत्रिणींनो, होळी आटोपली, उन्हे तापू लागली, की कौलारू घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात एकच विचार घोळू लागतो – यंदा शाकारणी कधी? मिरगाच्या आत कौले चाळून घेतली, फुटकी काढून नवी बसवली, की आपण सुटलो असे वाटते. पण पहिल्याच मोठ्या सरीला माजघरात 'टप्' असा आवाज येतो आणि पुन्हा बादल्या, पातेली, गोणपाटे यांची धावपळ सुरू! असे का व्हावे बरे?

मीही कधी त्याचा विचार केला नव्हता. आमचे सासरचे घर कोकणातले, मंगलोरी कौलांचे. कोपऱ्यातल्या खोलीत मुले निजत. तिथे ओळीने तीन पावसाळे गळत होते. दरवर्षी कौले बदलली, दरवर्षी गळती तीच. शेवटी ह्यांनी ठरवले, की सगळीच कौले नवी आणायची. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, कौलाला नावं ठेवू नका. कौलाखाली काय आहे ते बघा आधी." म्हाताऱ्या माणसाचे बोलणे कोण मनावर घेतो? आणि एका दुपारी चाळणीला वर चढलेल्या गड्याचा पाय पडताच रीप कडकन मोडली. गड्याने वासा धरला म्हणून तो वाचला. पण पाच-सहा कौले सरळ मुलांच्या खाटेवर येऊन पडली. मुले शाळेत होती म्हणून बरे. एका कौलाचे वजन दोन-तीन किलो भरते, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून मी छताकडे खालून बघायला शिकले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मंगलोरी कौल म्हणजे भाजलेली माती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली. भाजलेली माती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही. पण ती ज्यावर बसते ते काय असते? आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरते वासे, त्यांवर आडव्या रीपा, आणि रीपांना अडकवलेली कौले. काही घरांत मधे फळ्या, डांबरी कागद किंवा प्लास्टिकही असते. लाकूड कुजते, कागद विटतो, प्लास्टिक उष्णतेने कडक होऊन तडकते. म्हणजे वरचे टिकते आणि खालचे आधी जाते. आपण मात्र दरवेळी वरचेच बदलत बसतो!

मग खालचे गेले हे ओळखायचे कसे? त्यासाठी शिडीवर चढायची गरज नाही. एवढ्या खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण, कौल बदलूनही त्याच जागी पुन्हा गळणे. पाणी जिथून आत शिरते तिथेच ठिबकते असे नाही. ते रीपेवरून, वाशावरून वाहत जाते आणि भलतीकडेच टपकते. म्हणून थेंबाच्या बरोबर वरचे कौल काढून उपयोग होत नाही; तिथून चढाच्या बाजूला शोधावे लागते.

दुसरी, अंगणात लांब उभे राहून आढ्याची ओळ बघा. ती सरळ रेघेसारखी दिसली पाहिजे. मधेच पोट पडले असेल, किंवा कौलांच्या रांगा लाटेसारख्या दिसत असतील, तर खालचे लाकूड वाकले आहे असे समजा. एकाच रांगेतली कौले वरचेवर खाली सरकत असतील, तर तिथली रीप किंवा तिचे खिळे गेले.

तिसरी, सकाळी केर काढताना जमिनीवर पिठासारखा पिवळसर भुसा दिसतो का? झाडून टाकला तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा? तो लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा. आणि भिंतीवरून वर गेलेली मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवीची वाट. नुसती पुसून थांबू नका. ती कुठवर गेली ते बघा.

चौथी, वास आणि डाग. बंद खोलीत कुबट वास येतो, लाकडावर काळे किंवा पांढुरके चट्टे पडतात. वळचणीकडची टोके नीट बघा, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथेच लागते. हात पोचेल तिथे दाभण टोचून पाहा. चांगल्या लाकडात ते शिरत नाही. लोण्यात जावे तसे आत गेले, तर ते लाकूड संपले.

पाचवी, भर दुपारी खोलीतले दिवे बंद करून वर बघा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने खाली जमिनीवर खूण करा. कौलाखाली प्लास्टिक किंवा डांबरी कागद असेल, तर उजेड दिसणार नाही. तिथे तो कागद हाताने किंचित वाकवून पाहा. कुरकुर करून तुकडा पडला, तर त्याचे आयुष्य झाले.

आता प्लास्टिकविषयी जरा सांगते. गळते म्हणून पुष्कळजणी कौलांखाली प्लास्टिक ताणून घेतात. ठिबकणे थांबते आणि आपण निश्चिंत होतो. पण प्लास्टिक वाशांवर ताणून त्यावर थेट आडव्या रीपा ठोकल्या, तर आत आलेले पाणी प्रत्येक रीपेपाशी बांध घातल्यासारखे तुंबते आणि रीप आतल्या आत कुजते. खाली थेंब नाही, वर नुकसान चालूच! आमच्या खोलीत नेमके हेच झाले होते. म्हणून प्लास्टिक किंवा तसला थर घालायचा तर त्यावर आधी वाशांच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारायच्या आणि मग आडव्या रीपा. मधल्या फटीतून पाणी वाहून जाते, वाराही खेळतो. थर वळचणीपासून वरच्या दिशेने अंथरावा, वरच्याचा पदर खालच्यावर चांगला वीतभर यावा, आणि शेवटचे टोक भिंतीच्या बाहेर निघावे.

सगळेच बदलायचे का? नाही. एक-दोन रीपा गेल्या असतील तर तेवढ्याच बदला. पण वळचणीच्या बाजूने रांगच्या रांग मऊ लागत असेल, तर त्या बाजूचे सगळे एकदाच उतरवून घ्या. तुकड्यातुकड्याने केले तर मजुरी दोनदा जाते. कौले मात्र टाकू नका! बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर चिरलेले. नवी घ्यायची ती त्याच छापाची घ्या. निराळ्या कारखान्याच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. खिळे जस्ताचा मुलामा असलेले घ्या, खाऱ्या हवेत साधे लवकर गंजतात. आणि लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावणार असाल तर हातमोजे घाला, त्याने कातडी भाजते.

एक कळकळीची विनंती. स्वतः कौलांवर चढू नका, घरातल्या पुरुषमाणसांनाही चढू देऊ नका. गड्याला वाशाच्या रेषेवरच पाय टाकायला सांगा. काम चालू असताना खालच्या खोलीत कोणी थांबू नये. आणि ओल्या लाकडावरून विजेची तार गेली असेल तर आधी मेन स्विच बंद करून वायरमनला दाखवा.

आमच्याकडे शेवटी काय झाले, विचाराल. नवी कौले आणलीच नाहीत. त्या पैशांत रीपा, पट्ट्या आणि दोन वासे बदलले, आणि जुनीच कौले धुऊन परत चढवली. त्या वर्षी पहिल्या पावसात मी रात्री उठून मुलांच्या खोलीत गेले. बादली ठेवायची सवय हो! जमीन कोरडी होती. मागून सासूबाईंचा आवाज आला, "झोप आता. मी मघाशीच बघून आले."