नवी जन्मपत्रिका

नळीत लाळ जमा करून प्रयोगशाळेकडे धाडावयाची आणि काही आठवड्यांनी आपल्या देहाचे भविष्य मोबाईलवर वाचावयाचे, हा प्रघात आता शहरांतील सुशिक्षित घरांत रुजू लागला आहे. मधुमेह व हृदयविकार यांच्या जोडीस काही चाचण्या मनोविकारांचा संभवही वर्तवितात. ज्या वर्गाने जन्मपत्रिकेस हसण्यात एक पिढी घालविली, त्यानेच या नव्या पत्रिकेपुढे मान तुकवावी, याचे आम्हांस नवल वाटते.

हंटिंग्टनचा रोग एकाच जनुकातील बिघाडाने होतो. तेथे चाचणीचा कौल जवळजवळ निर्णायक असतो. स्किझोफ्रेनियाचे तसे नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात त्याच्याशी निगडित अशी जनुकसंचातील २८७ ठिकाणे आढळली, आणि त्यांतील एकेकाचा वाटा अत्यल्प. एकबीज जुळ्यांपैकी एकास हा विकार जडला, तरी निदान निम्म्या जोड्यांत दुसरा त्यातून सुटतो. आईवडिलांपैकी एकास तो असला, तरी दहांपैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. एवढे समजण्यास लाळेची नळी लागत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी तोंड उघडले तरी पुरे.

ते उघडत नाही, हीच खरी गोम आहे. 'काका तरुणपणीच वारले' असे ज्यांच्याविषयी सांगितले जाते, ते काका कित्येकदा मनोरुग्णालयात हयात असतात. का, तर पुतणीचे लग्न मोडू नये! १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधूवरांची स्वतःची मनःस्थिती पाहतो, त्यांच्या काकांची नव्हे. समाजाची नजर मात्र काकांवरच. अशा समाजात त्या पुतणीच्या हाती उद्या टक्केवारीचा कागद पडला, तर तो तिने कोणास दाखवावा?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांस शारीरिक आजारांच्या बरोबरीने वैद्यकीय विमा देणे बंधनकारक केले. पण जो आजार झालेलाच नाही, केवळ संभवतो, त्याच्या आधारे कोणास डावलू नये, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने आरोग्यविमा व नोकरी यांपुरता तो २००८ सालीच केला. आयुर्विमा मात्र तेथेही मोकळाच राहिला. आपल्या संसदेने ही उणीवही टाळून असा कायदा विनाविलंब करावा, आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून मनोविकारांचे असले अहवाल विकण्यास मनाई करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर एखाद्या बैठकीत मुलाकडच्यांनी असा अहवाल मागितलाच, तर मुलीने तेथून उठून जावे. बापाने तिला थांबवू नये.