गाडी पडू द्या

लेगोने २०१८ मध्ये ४,१२४ तुकड्यांचा रोलरकोस्टर आणला. पुस्तिकेबरहुकूम जोडला की तो चालतो. म्हणूनच त्यातून शिकायला कमी मिळतं.

मूल स्वतःचा रूळ रचू लागलं की खरी शिकवणी सुरू होते. साखळी गाडीला पहिल्या चढावर नेते. पुढचा सारा प्रवास त्या उंचीच्या पुंजीवर. घर्षण आपला वाटा घेतंच. उभा गोल फेरा पार करायचा, तर त्याच्या तळापासून त्रिज्येच्या अडीचपटीहून जरा जास्तच उंची हवी. हे गणित अकरावी-बारावीत भेटतं. मुलाला ते गाडी पडल्यावर उमगतं. तेवढा वेळ बाबांनी हात आवरावेत!

अभियंतेही ठेच खाऊनच शिकले. कोनी आयलंडच्या १८९५ च्या ‘फ्लिप फ्लॅप’ या रोलरकोस्टरचा फेरा अगदी गोल होता, स्वारांच्या माना दुखावत. तो त्रास टाळायला कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’ने १९७६ मध्ये थेंबाच्या आकाराचा फेरा वापरला.